कागद मागणारे मामा

आयुष्यात मी एकाच माणसाचा मनापासून हेवा केला. तो माणूस आमच्या शाळेतला प्रयोगशाळा परिचर होता. मी बी.एस्सी., बी.एड., विज्ञानाचा शिक्षक. ते मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. परीक्षानळीत काय ओतायचं ते मी सांगायचो आणि तास संपला की ती नळी ते धुवायचे. अशा माणसावर मी का जळावं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. आता ते नाहीत. मीही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सांगून टाकायला हरकत नाही.

सारं रोहणा गाव त्यांना मामा म्हणायचं. शाळेतल्या परिचराला, शिपायाला सगळीकडेच मामा म्हणतात. पण गावातल्या बायका यांना माहेरच्या माणसाला मारावी तशी हाक मारायच्या. मीही तोंडाने 'मामा' म्हणायचो. मनात मात्र 'तो'च म्हणायचो.

आणीबाणीच्या वर्षभर आधी मी त्या शाळेत लागलो. पहिल्याच आठवड्यात ते मला बाजार दाखवायला घेऊन गेले. अंगाने काटकुळे, डोक्याला टोपी, चष्म्याच्या दांडीला दोरा, आणि खांद्याला एक खाकी पिशवी. पिशवीत प्रयोगशाळेतला तानकाटा, दूध तपासायची काचेची दांडी, ॲसिडची बोटभर बाटली, एक लोहचुंबक आणि कोऱ्या कागदांची चळत. मी गूळ घ्यायला थांबलो तर हे पुढे झाले.

"भाऊ, आंधी खाली पारडं दाखोजा."

"मामा, तुमी रोज पाह्यता," दुकानदार म्हणाला.

"रोज घेतो म्हनून रोज पाह्यतो."

मग त्यांनी किलोचं वजन उचलून उलटं केलं. वजनाच्या पोटात शिशाची गोळी असते आणि तिच्यावर सरकारी शिक्का असतो, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. प्रत्यक्ष उलटं करून पाहणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. गूळ बांधून झाल्यावर मी निघालो तर त्यांनी माझी बाही धरली आणि दुकानदाराला म्हणाले, "कागद देजा."

पाव किलो गुळाची पावती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार हसून म्हणाला, "मामा, गुळापरीस कागद महाग आहे."

"कागद माहा घ्या. सही तुमची पायजे."

ते काडीपेटीचीही पावती घ्यायचे. घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्या पावत्या वर्षवार बांधून ठेवलेल्या असत. बायकोच्या पायातल्या जोडव्यांची पावती होती, छपरावरच्या कवेलूंची होती, आणि एक त्यांच्या लग्नात वाजवायला आलेल्या बँडवाल्याची होती. बँडवाल्याने बारा माणसं कबूल करून नऊच आणली म्हणून मामांनी वरातीत घोडं थांबवून माणसं मोजली होती, असं त्यांची बायको सांगायची. सांगताना ती चिडलेली नसायची, हे मला विशेष वाटे.

पण त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा त्यांच्या उजव्या हातावर होता. मधल्या बोटाच्या टोकापासून बरोबर अर्ध्या मीटरवर, कोपराच्या थोडं वर, त्यांनी एक निळी रेघ गोंदवून घेतली होती. एका यात्रेत गोंदणारी बाई बसली होती, तिच्यापुढे हे शाळेतली लाकडी पट्टी घेऊन जाऊन बसले. बाईने विचारलं, "नाव कोनाचं लिवू?" हे म्हणाले, "नाव नोको. इथं एक रेघ मार, पन पट्टीले धरून मार." कापडाच्या दुकानात मामा सदऱ्याची बाही वर सारायला लागले की दुकानदार आपला गज नीट धरायचा. एकदा दुपारच्या सुट्टीत ते बाकावर झोपले होते. मी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि हळूच पट्टी लावून पाहिली. रेघ एक मिलिमीटरनेही चुकलेली नव्हती. मी पट्टी जागेवर ठेवली. दिवसभर कुणावरही खेकसत राहिलो.

खरा हेवा वर्गात सुरू झाला. मी अन्नातल्या भेसळीचा धडा शिकवायला घेतला होता. दोन दिवस तयारी करून गेलो होतो. हळदीत पिवळा रंग मिसळलेला असेल तर ॲसिडचा थेंब टाकल्यावर ती गुलाबी होते आणि पाणी घातलं तरी गुलाबीच राहते, असं फळ्यावर लिहून मी वळलो. अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, "सर, हे तं आमाले येते." मामांनी मागच्याच बाजारात त्यांच्या आयांना करून दाखवलं होतं. मिरचीपुडीतला विटेचा भुगा, चहातली वापरून वाळवलेली पत्ती, रॉकेलच्या मापाचं आत चेपलेलं बूड, सगळंच त्यांना येत होतं. माझा धडा पंधरा मिनिटांत संपला. मामा मागच्या दारात फडकं घेऊन उभे होते. चेहरा अपराध्यासारखा करून म्हणाले, "सर, मले काय मालूम तुमी हे आज घेनार म्हनून."

ते खरंच दिलगीर होते. मला तेच सहन झालं नाही.

त्यांच्यात एक गोष्ट होती जी मला कधी जमली नसती. डोंगराकडच्या एका वस्तीतली गोंड बाई दर बाजाराला चिंच आणि चारोळी घेऊन यायची. तिच्याजवळ वजनं नव्हती. पाव किलोचा म्हणून एक काळा दगड होता. मी तिच्याकडूनच चारोळी घ्यायचो, कारण तिचं माप भरभक्कम असे. एक दिवस मामांनी तो दगड तानकाट्याला लावला आणि तिच्यापुढे बसले.

"माय, ह्या दगडानं तू किती वर्सं मोजून राह्यली?"

"माह्या सासूचा आहे," ती म्हणाली.

"हा पावाच्या वर छटाकभर भरते. तू लोकाईले फुकट देऊन राह्यली."

तिने दगड उचलून हातात तोलला. मामांनी आठ दिवस हिंडून नदीतला एक गुळगुळीत गोटा शोधला, घासून घासून नेमका पाव किलोचा केला आणि पुढच्या बाजारी तिच्या फडक्यावर ठेवला. जुना दगड तिने पदरात गुंडाळून घरी नेला. त्या दिवसापासून माझी चारोळी कमी झाली. गावात आणखीही बऱ्याच जणांची झाली असणार. मी शिक्षक-खोलीत म्हणालो, "यांना गिऱ्हाइकाचा पुळका आहे की दुकानदाराचा?" मामा चहाचे कप ठेवत होते. म्हणाले, "काट्याले काय मालूम सर, इकडं कोन बसलं अन् तिकडं कोन."

लोक हसले. माझ्या बोलण्याला कुणी हसलं नव्हतं.

मग माझं लग्न झालं. बायको हिंगणीची, शेतकऱ्याच्या घरची, बोलणं आमच्या भागातलं ठसठशीत वऱ्हाडी. मी वर्धा शहरात वाढलेला. 'मले' म्हणू नये, 'मला' म्हणावं, 'काऊन' म्हणू नये, 'का' म्हणावं, असं मी तिला पहिल्या महिन्यातच सांगायला लागलो. ती माझ्याशी कमी बोलायला लागली. मामा घरी आले की मात्र ओट्यावर बसून तासभर बोलायची. तिच्या माहेराजवळच्या बोर धरणाच्या जंगलातली टेंभरं, ते धरण झालं तेव्हाची गंमत, तेल कोणत्या घाण्याचं चांगलं, कशाही गोष्टी. मी आत वही तपासत बसायचो आणि तिचा आवाज ऐकायचो. तो आवाज माझ्यासाठी नव्हता. मामा पन्नाशी गाठलेले होते, तिच्या बापाच्या वयाचे. तसला संशय माझ्या मनाला शिवला नाही. तिला त्यांचं बोलणं पटतं आणि माझं फक्त ऐकून घ्यावं लागतं, एवढंच मला डाचत होतं. बाजारातून काही आणलं की ती म्हणायची, "अहो, मामाले दाखवून घेता का एकडाव?"

असं पुष्कळदा झालं. एका सकाळी मी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. शाळेचं साहित्य परिचर खासगी कामासाठी बाहेर नेतात, ॲसिडसारखे घातक पदार्थ बाजारात वापरतात, काही विपरीत घडल्यास जबाबदारी कोणाची, वगैरे. अक्षर चांगलं काढलं होतं. मामांना मेमो मिळाला.

दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत माझ्या टेबलापाशी आले. पिशवी रिकामी केली. तानकाटा, काचेची दांडी, बाटली, चुंबक, सगळं ओळीत मांडलं. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सारला.

"हे काय?"

"सामान परत भेटलं म्हनून लिवून द्या, सर. खाली सही करा. कागद द्या."

मी लिहून दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि परीक्षानळ्या धुवायला गेले. अर्ज कुणी केला हे त्यांनी विचारलं नाही. चार दिवसांनी पाहिलं तर बाजारात नुसत्या हाताने वजनं उलटी करत होते. हातावरची रेघ तर काही जमा करून घेता येत नव्हती.

यानंतर वर्षा-दोन वर्षांनी कुकरची गाडी आली.

ते दिवसच तसे होते. गावात नळ आले होते, गॅसच्या शेगड्या पंचक्रोशीत चार-दोन घरी आल्या होत्या, बाकी ठिकाणी स्टोव्ह होते. पाणी आणायचे पितळी गुंड घराघरांत मोरीत पालथे पडले होते. तालुक्याच्या गावातला भांड्यांचा एक दुकानदार टेम्पो घेऊन शाळेच्या मैदानाजवळ उभा राहिला. जुनी पितळ द्या, नवा कुकर घ्या. कुकर चकाकत होते. कडेला सरकारी मानकाची खूण ठसठशीत उमटवलेली होती. बायकांनी गराडा घातला.

मामा आले. त्यांनी एक कुकर उचलला, झाकण तोलून पाहिलं, आडवं धरून उजेडात फिरवलं, मग म्हणाले, "भाऊ, ह्या निशाणीखाली लायसनचा नंबर काऊन नाई?"

"नंबर आत असते, मामा," दुकानदार म्हणाला.

"आत बी पाह्यला. नाई. कंपनीचं नाव?"

"अहो, घ्याचा असन तं घ्या, नाई तं बायाईले घेऊ द्या."

"बायांनो, मले हा बराबर वाटत नाई," मामा एवढंच म्हणाले. गर्दी एकदम सैल झाली. तीन-चार बायकांनी गुंड परत काखेत घेतले. एका वाक्यात. मी शाळेच्या फाटकातून ते पाहत होतो.

दुकानदाराची नजर माझ्यावर पडली. पँट, बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. "सर, तुमी शिकलेले आहा. तुमीच सांगा न ह्याईले."

मी गेलो. कुकर हातात घेतला. उलटा केला. प्रमाणित वस्तूवर खुणेसोबत परवान्याचा आकडा असतो, हे मला माहीत होतं. दहावीच्या वर्गाला मी ते शिकवत असे. तो आकडा मला दिसला नाही, म्हणजे माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. आकडा तिथे नाही, हे मी पाहिलं होतं. समोर मामा उभे होते, आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या गावात इतक्या लोकांनी माझ्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं.

"सरकारी खूण आहे," मी म्हणालो. "खोटी खूण मारायची हिंमत कोण करील? कुकर चांगला आहे. बिनधास्त घ्या."

पंधरा-सोळा घरांनी कुकर घेतले. माझी बायको माहेरचा गुंड घेऊन आली. तिच्या आईने लग्नात दिलेला, काठावर तिचं माहेरचं नाव कोरलेला. ती घुटमळली.

"अहो, मामा नाई म्हनते न?"

"मामा काय इंजिनिअर आहेत का?"

तिने गुंड तराजूवर ठेवला.

मामांनी वाद घातला नाही. ते शाळेत गेले, प्रयोगवहीची कोरी पानं घेऊन आले आणि टेम्पोच्या फळीवर बसून चिठ्ठ्या लिहायला लागले. दुकानाचं नाव, तारीख, 'जुन्या पितळेच्या बदल्यात नवा कुकर एक', बाईचं नाव. "घेता तं घ्या," ते बायकांना म्हणाले, "पन कागदाबिगर जाऊ नोका." दुकानदाराला माल खपवायची घाई होती, शिवाय सरांनी शिफारस केलेलीच होती. त्याने हसत हसत सगळ्या चिठ्ठ्यांवर दुकानाचा शिक्का मारला. मी बायकोला म्हणालो, "आपल्याला नको चिठ्ठीबिठ्ठी." ती बरं म्हणाली. तिने माझ्या मागे एक घेऊन ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

सतराव्या दिवशी आमचा कुकर फुटला. सकाळची वेळ, मी शाळेत निघायच्या तयारीत होतो. आधी शिट्टी झालीच नाही, मग स्वयंपाकघरातून असा आवाज आला की शेजारच्या छपरावरची पाखरं उडाली. झाकण छताला आदळलं होतं. उकळती तुरीची डाळ तिच्या मानेवर, खांद्यावर आणि डाव्या हातावर. ती ओरडत नव्हती. भिंतीला टेकून उभी होती आणि हात अंगापासून लांब धरून त्याच्याकडे पाहत होती.

मी काय केलं मला आठवत नाही. शेजारीण सांगते की मी शाई शोधत होतो, भाजल्यावर लावायला. मामा कुठून आले कोण जाणे. त्यांनी तिला मोरीत बसवलं आणि हंड्यावर हंडा थंड पाणी हातावर ओतत राहिले. "शाई नोको, काई नोको. पानीच." शेजाऱ्याची जीप निघेपर्यंत ते मधेच दहा मिनिटं गायब झाले. मला राग आला, की अशा वेळी हा माणूस जातोच कसा. ते कुकर घेतलेल्या प्रत्येक घरी पळत जाऊन आले होते. दोन घरी तेव्हा चुलीवर कुकर चढलेला होता.

परत आले ते फुटका कुकर पोत्यात भरायला. शेजारीण डाळ पुसायला लागली होती, तिला म्हणाले, "धुऊ नोका. हे असंच राहू द्या."

सेवाग्रामच्या दवाखान्यात तिला भरती केलं. एका कागदावर कसं भाजलं ते लिहायचं होतं. मी 'घरगुती अपघात' लिहिलं. मामांनी वाकून वाचलं.

"सर, कुकर फुटून भाजलं असं लिवा. नुसता अपघात लिवला तं कुकर सुटला."

मी खोडून लिहिलं. पट्ट्या बांधून झाल्यावर तिने डोळे उघडले. मी खाटेच्या उजव्या बाजूला होतो, मामा पायापाशी. ती माझ्या पलीकडे बघत म्हणाली, "मामा, बाकीच्याईनं कुकर लावले तं नाई न?"

"नाई, बाई. साऱ्याईले सांगून आलो."

तिने डोळे मिटले. माझ्याशी ती बोलली नाही. बायकोचा हात सोललेला, आणि मला त्या क्षणीही आधी हेच दुखलं. मी किती हलका माणूस होतो, हे यावरून कळावं.

ग्राहकांसाठीचा नवा कायदा झाला होता. वर्ध्याला त्याचा मंच बसायला लागला होता. वकील लागत नाही, साध्या कागदावर तक्रार करता येते, हे मामांनी रेडिओवर ऐकलं होतं. त्यांनी पंधरा चिठ्ठ्या गोळा केल्या, सोळावी माझ्या बायकोने उशीखालून काढून दिली. दवाखान्याचा कागद लावला. फुटका कुकर पोत्यात बांधलेला होताच. तक्रार त्यांनीच लिहिली. 'महोदय, आम्ही खालील बाया' अशी तिची सुरुवात होती, आणि सह्या-अंगठ्यांच्या शेवटी 'लिहिणार' म्हणून त्यांचं नाव.

दुकानदाराचं उत्तर आलं. एक, या बायकांनी पैसे दिलेले नाहीत, तेव्हा त्या ग्राहक नव्हेत. दोन, माल गावच्या विज्ञान शिक्षकांनी स्वतः तपासून चांगला असल्याचं सर्वांसमोर सांगितलं होतं.

म्हणजे मला बोलावणं येणार होतं.

तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही एस.टी.ची वाट पाहत होतो. बायको इतर बायकांसोबत झाडाखाली बसली होती, डाव्या हातावर पदर ओढून. मामा पोतं पायाशी ठेवून माझ्याजवळ उभे होते.

"तुमाले इचारतीन, सर."

"काय सांगू?"

"जे झालं थे."

"मी तपासलं, मला काही दोष दिसला नाही, असं सांगतो."

मामांनी वाकून पोत्याची गाठ आवळली. "तुमी कुकर उलटा केलता," ते म्हणाले. "नंबर असते त्या जागेवर तुमी अंगठा फिरवला. मी तुमच्याकडंच पाहून राह्यलो होतो."

 इतके महिने हे त्यांना ठाऊक होतं. शाळेत बोलले नाहीत, बायकांत बोलले नाहीत, माझ्या ओट्यावर बसून माझ्या बायकोशी तासन्‌तास बोलले तेव्हाही बोलले नाहीत.

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"थे तुमचं आहे, सर. माह्यानं कसं सांगता येईन?"

मी त्यांचे आभार मानायला हवे होते. माझ्या मनात आलं ते असं, की हा मोठेपणासुद्धा यानेच आधी घेऊन ठेवला.

मंचाच्या खोलीत तीन जण बसले होते, त्यांत एक बाई होत्या. दुकानदाराच्या माणसाने ग्राहक नसल्याचा मुद्दा मांडला. अध्यक्षांनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "फुकट नाई घेतला जी. पितळ देल्ली. पितळेले मोल नसतं तं हा गाडी घेऊन कायले आला असता?" अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. मग माझं नाव पुकारलं.

मी तयारी करून आलो होतो. वाक्यं पाठ होती. उभा राहिलो आणि समोर ती दिसली. दुसऱ्या रांगेत, कडेला. पदर खांद्यावरून घसरला होता आणि मानेवरची गुलाबी, सुरकुतलेली कातडी दिसत होती. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, ती पोत्यातून काढून टेबलावर ठेवलेल्या कुकरकडे पाहत होती.

"मी तपासला नाही," मी म्हणालो. "परवान्याचा आकडा नव्हता. मला ते दिसलं होतं. तरी मी घ्या म्हणालो."

त्या बाईंनी चष्मा काढला. "दिसलं होतं? मग का सांगितलंत?"

खोलीतला पंखा करकरत होता. मी मामांकडे बोट केलं नाही, पण तसंच झालं असावं. "यांनी नको म्हटलं होतं म्हणून," मी म्हणालो.

 मी बसलो. मामा मान खाली घालून आपल्या टोपीची घडी सारखी करत होते, जणू चूक त्यांच्याच हातून झाली होती.

पुढे काही महिन्यांनी निकाल बायकांच्या बाजूने लागला. दुकानदाराला पितळेची किंमत आणि माझ्या बायकोच्या दवाखान्याचा खर्च द्यावा लागला. गुंड तोवर वितळून गेलेले होते. तिच्या आईने दिलेला, नाव कोरलेला गुंड काही परत आला नाही. गावाने मामांना शाळेच्या मैदानात हार घातला. हार मला आणायला सांगितला होता. मी आणला, बऱ्यापैकी मोठा आणला.

पण मला सांगायचं आहे ते त्या तारखेच्या दिवशीचं आणि दुसऱ्या दिवशीचं. परतीच्या एस.टी.त बायको पुढे बायकांत बसली. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. मामा माझ्याशेजारी. अर्धा रस्ता सरला. मग ते म्हणाले, "सर, एक इचारू? पानी झाकन लावून जास्त तपते थे काऊन? आग तं तेवढीच."

मी चौदा-पंधरा वर्षं विज्ञान शिकवत होतो. हा प्रश्न असा, जाणून घ्यायचा म्हणून, मला कुणी विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. वाफेचा दाब, उत्कलनबिंदू, शिट्टीचं वजन किती हवं, झाकणातली सुरक्षेची लहानशी गोळी फार तापल्यावर का वितळायला हवी आणि आपल्या कुकरातली का वितळली नसेल. ते मधेमधे अडवायचे. कळलं नाही तर सरळ कळलं नाही म्हणायचे. गाव आलं तेव्हा मला उतरावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या घराच्या मागच्या बोळातून चाललो होतो. अंगणाच्या काटक्यांच्या कुडाआडून त्यांचा आवाज आला. थांबून फटीतून पाहिलं. अंगणात दहा-बारा बायका बसल्या होत्या आणि मामा एका पातेल्यावर ताट झाकून, त्यावर खलबत्ता ठेवून सांगत होते. माझंच सगळं होतं, पण माझा एकही शब्द त्यात नव्हता. वाफेला ते 'कोंडलेली म्हैस' म्हणत होते. दाब म्हणजे काय हे त्यांनी बाजाराच्या दिवशीच्या एस.टी.वरून सांगितलं. मी एस.टी.त पाऊण तास घेतला होता ते त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, आणि बायकांना कळलं, हे त्यांच्या माना पाहून दिसत होतं. मधे दोनदा ते म्हणाले, "हे मले सरनं समजोलं."

पुढे बसलेल्या बाईने विचारलं, "मामा, पन शिट्टीच्या तोंडाशी वाफ दिसत नाई. बोटभर वर गेली का मंग पांढरी दिसते. असं काऊन?"

तो आवाज मी ओळखला. तिने भाजलेला हात उघडाच मांडीवर ठेवला होता.

मामांनी डोकं खाजवलं. "थे मले नाई येत, बाई. थे सरले इचारजो. त्याईले येते."

मला येत होतं. खरी वाफ डोळ्याला दिसतच नाही. थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात, पांढरं दिसतं ते ते थेंब. दोन वाक्यांचं उत्तर. कूड ओलांडून अंगणात जायला चार पावलं होती. मी गेलो नाही. मामांना न आलेलं एक उत्तर मला येतं, आणि ते तिला हवं आहे, एवढं सुख घेऊन मी घरी आलो. पाटावर बसलो. वऱ्हाडीत कसं सांगायचं तेही मनाशी जुळवून ठेवलं.

ती दुपारी आली. चूल पेटवली, भाकरी टाकल्या, मला वाढलं. मी मुद्दाम सावकाश जेवलो.

तिने विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.